दृष्टांतातलं ‘तैसे’ जपा: सप्ताह समित्यांना आणि नव्या कीर्तनकारांना खुले पत्र

गावोगावच्या अखंड हरिनाम सप्ताह समित्या, टाळकरी, विणेकरी आणि नारदाच्या गादीवर नव्याने उभे राहणारे कीर्तनकार यांस,

सप्रेम रामकृष्णहरी.

सप्ताहाच्या पत्रिका छापायला जाण्याआधी समितीची बैठक बसते. सात रात्रींचे सात कीर्तनकार आणि आठव्या दिवशीचा काला ठरवायचा असतो. या बैठकीत हल्ली मोबाईल फिरतो. कुणाच्या क्लिपला किती लाइक, कुणाच्या कीर्तनात मंडप हसतो, कोण क्रिकेट आणि सिनेमाचे दृष्टांत ‘लावतो’, यावरून नावं ठरतात. त्याच बैठकीत एखादे जाणते आजोबा म्हणतात, सिनेमाचं नाव काढणाऱ्याला गादीवर उभंच करू नका. आम्ही कीर्तन आणि भारूड करणारी, त्यांना टाळ-पखवाजाची साथ देणारी माणसं आहोत. आम्हाला ही दोन्ही मतं पटत नाहीत. का पटत नाहीत आणि प्रत्यक्षात काय करता येईल, ते या पत्रात मांडतो.

आधी आजोबांच्या शंकेविषयी. लोकांच्या करमणुकीतून परमार्थाचा दाखला घेणं ही आजची टूम नाही. ज्ञानेश्वरीच्या तिसऱ्या अध्यायात कर्मयोग सांगताना माउलींनी बहुरूपी आणला आहे: ‘जैसीं बहुरूपियांचीं रावो राणी । स्त्रीपुरुषभावो नाहीं मनीं । परी लोकसंपादणी । तैशीच करिती’. अठराव्या अध्यायात कळसूत्री बाहुली येते. ती सूत्राच्या चालीने चालते, तसा माझा स्वामी माझ्याकडून बोलवून घेतो, असं माउली म्हणतात. बहुरूपी आणि बाहुल्यांचा खेळ ही त्या काळची जत्रेतली करमणूक होती. तुकोबांच्या गाथेत विटीदांडू, हुतुतू, हमामा, फुगडी, टिपरी या खेळांवर अभंग आहेत. एकनाथांनी तर वासुदेव, जोशी, गोंधळी, भुत्या असे दारोदार आणि बाजारात खेळ करणारे लोकच भारुडात उभे केले. तमाशाच्या फडावरही आधी गणपतीचा गण, मग कृष्णाची गवळण, हा क्रम आहे. दादासाहेब फाळके यांनी १९१७ साली ‘नवयुग’ मासिकात लिहिलं आहे की, मुंबईत पडद्यावर ख्रिस्ताचं चरित्र पाहत असताना त्यांच्या मनःचक्षूंपुढे राम-कृष्ण येत होते. त्या पाहण्यातून १९१३ चा ‘राजा हरिश्चंद्र’ आला. समोर करमणूक चालली आहे आणि पाहणाऱ्याला आत देव दिसतो आहे, असं पाहणं आपल्याकडे जुनं आहे. ते बंद करा म्हणणं म्हणजे नाथांच्या भारुडाला कुलूप लावणं.

आता मोबाईल पुढे करणाऱ्यांविषयी. कीर्तनकाराने क्रिकेट लावलं की मंडप जागा होतो हे खरं आहे. पण मंडप कशाने जागा झाला, हे पाहायला हवं. कीर्तन सुटल्यावर घरी गेलेल्या माणसाला दुसऱ्या दिवशी सामना बघताना अभंगाचा चरण आठवला, तर दृष्टांत लागला. कीर्तनात बसलेल्या माणसाला सामना आठवला आणि चरण विसरला, तर दृष्टांताने कीर्तन खाल्लं. दृष्टांताने माणसाला कुठून कुठे न्यायचं, एवढ्यावर सगळं अवलंबून आहे. नाथांनी कीर्तनाची मर्यादा सांगताना हेच माप दिलं: ‘जेणेंकरूनि मूर्ति ठसावे अंतरी श्रीहरीची’. मूर्ती ठसायला हवी ती श्रीहरीची. फलंदाजाची किंवा नटाची ठसली, तर दृष्टांत फसला.

दृष्टांत कसा बांधायचा, हे शिकायला दूर जावं लागत नाही. रोजच्या भजनातला हा अभंग घ्या:

भेटीलागी जीवा लागलीसे आस । पाहे रात्रंदिवस वाट तुझी ॥
पूर्णिमेचा चंद्रमा चकोरा जीवन । तैसे माझे मन वाट पाहे ॥
दिवाळीच्या मुळा लेकी आसावली । पाहतसे वाटुली पंढरीची ॥
भुकेलिया बाळ अति शोक करी । वाट पाहे उरी माउलीची ॥
तुका म्हणे मज लागलीसे भूक । धावूनि श्रीमुख दावी देवा ॥

पाच चरणांत तीन दृष्टांत आहेत. पहिला चकोराचा. तो काव्यातला आहे, कुणी चकोराला चांदणं पिताना पाहिलेलं नाही. दुसरा घरातला. ‘मूळ’ म्हणजे माहेरून न्यायला येणारं माणूस. दिवाळी जवळ आली आणि मूळ अजून आलं नाही, म्हणून सासुरवाशीण वाटेकडे डोळे लावून बसली आहे. तिसरा घरातल्याही आतला, पाळण्यातल्या भुकेल्या लेकराचा. आकाशातून अंगणात आणि अंगणातून आईच्या कुशीत, असा तुकोबा ऐकणाऱ्याला जवळ जवळ आणतात. प्रत्येक दृष्टांताला जागा किती? एक ओळ, फार तर दीड. आणि प्रत्येकाला परत फिरण्याची वाट आहे. चकोरानंतर लगेच ‘तैसे माझे मन’. लेकीची ओळ तर मधेच वळते. लेक वाट पाहते माहेरच्या मुळाची, आणि ओळ संपते ‘पंढरीची’ म्हणून. शेवटी बाळाची भूक उचलून तुकोबा स्वतःच्या तोंडी घेतात: ‘मज लागलीसे भूक’. इथे दृष्टांत आणि ज्याच्यासाठी दृष्टांत दिला ती गोष्ट, दोघांत सांधा दिसत नाही.

न्यायशास्त्रात, म्हणजे जुन्या तर्कशास्त्रात, अनुमानाचे पाच अवयव सांगितले आहेत: प्रतिज्ञा, हेतू, उदाहरण, उपनय, निगमन. डोंगरावर धूर आहे म्हणून तिथे आग आहे, हे सांगताना स्वयंपाकघरातल्या धुराचं उदाहरण दिल्यावर ‘तसाच हा डोंगरही धुराने युक्त आहे’ असं म्हणून मूळ विषयाकडे परत यावं लागतं. तो उपनय. अभंगातलं ‘तैसे’ म्हणजे हाच उपनय. आज कीर्तनात उदाहरण भरपूर असतं, निगमन, म्हणजे शेवटचा निष्कर्ष, तर टाळ्या घेऊन होतं, आणि मधला ‘तैसे’ गळून जातो. पंधरा मिनिटं सिनेमाची गोष्ट रंगते आणि मग एकदम ‘म्हणून माय-बाप हो, नाम घ्या’. गोष्टीतलं कोण म्हणजे आपण, त्यातली कुठली कृती म्हणजे नाम, हे ऐकणाऱ्याला कळत नाही. त्याला गोष्ट आठवते आणि नाम घ्यायचं हे तर त्याला आधीच माहीत होतं.

दुसरी चूक याच्या उलट असते. ‘दृष्टांत एकदेशी असतो’, म्हणजे एकाच अंगाने लागू पडतो, हे सूत्र पाठ असूनही तो सर्वदेशी करून टाकायचा. मुख चंद्रासारखं म्हटलं तर घ्यायचा तो आल्हाद, चंद्रावरचे डाग नव्हेत. हे क्रिकेटवर बसवून पाहू, कारण तेच सर्वांत जास्त वापरलं जातं.

हमखास ऐकू येणारा दृष्टांत असा: जग हे मैदान, जीव हा फलंदाज, यम गोलंदाज, तीन यष्ट्या म्हणजे तीन अवस्था आणि अंपायर म्हणजे देव. पाचच मिनिटांत हा मोडतो. अंपायरचा निर्णय चुकतो आणि तिसरा अंपायर यंत्र बघून तो फिरवतो. म्हणजे देव चुकतो आणि यंत्र त्याला सुधारतं? मंडपातलं दहा वर्षांचं पोरही हे विचारेल. इथे दृष्टांत मोठा आणि सिद्धांत पोकळ झाला.

त्याच खेळातला एक छोटा भाग उचला. चेंडू पॅडला लागला, अंपायरने बोट वर केलं. फलंदाजाला दाद मागायला फक्त १५ सेकंद असतात. त्या १५ सेकंदांत तो पडद्याकडे पाहत नाही, मोठमोठ्याने हुज्जत घालत नाही, समोरच्या टोकाला उभ्या असलेल्या जोडीदाराकडे पाहतो. का? चेंडू लागला त्याच्या स्वतःच्या पायाला, पण रेष त्याला दिसत नाही. डोकं कललेलं, पाय पुढे गेलेला, मनातून तर ‘मी नाबादच’ असं ठरलेलं. जोडीदार २२ यार्डांवर गोलंदाजाच्या बाजूच्या यष्टींपाशी असतो, त्याला सरळ रेष दिसते. तो मान हलवतो आणि फलंदाज गुमान चालू लागतो. तैसे: राग आला, लोभ सुटला, भावाशी बांधावरून वाद झाला, त्या क्षणी आपण बरोबर की चूक हे आपलं आपल्याला दिसत नाही, कारण लागलेलं असतं आपल्यालाच. सरळ रेषेत उभा असलेला एखादा सज्जन जोडीला ठेवा आणि निर्णयाआधी त्याच्याकडे बघा. सत्संगतीवरच्या कुठल्याही अभंगाला हा दृष्टांत चालतो. वेळ लागतो दोन मिनिटं. खेळाडूचं नाव नाही, संघाचं नाव नाही, कोण जिंकलं नाही. नाव घेतलं की मंडपात अर्धे त्या संघाचे आणि अर्धे दुसऱ्याचे, आणि मग तुमच्या हातात काही उरत नाही.

नाटक, मालिका, सिनेमा यांतून घ्यायचं तर माउलींचा बहुरूपी आजही पुरतो. मालिकेत खलनायिका साकारणारी बाई चित्रीकरण संपलं की साडी-दागिने उतरवून ठेवते आणि घरी जाऊन पोराचा अभ्यास घेते. काम करताना तिने कुचराई केली असती तर ते वाईट झालं असतं, आणि घरीही तीच भूमिका ठेवली असती तर संसार मोडला असता. भूमिका पुरेपूर करायची, पण ‘हीच मी’ असं धरायचं नाही. ‘परी लोकसंपादणी तैशीच करिती’ ही ओवी इथे म्हणा आणि थांबा. नटीच्या खऱ्या आयुष्यातल्या बातम्यांकडे वळू नका. तिथे ओवी संपते आणि चहाटळकी सुरू होते. ‘भक्तिज्ञानाविरहित गोष्टी इतरा न कराव्या’ असं नाथांनी स्वच्छ सांगून ठेवलं आहे.

मालिकांवरून बायकांना बोलणं हा प्रकार आम्हाला फार खुपतो. मालिका आणि कीर्तन यांची वेळ बहुतेक ठिकाणी एकच. मंडपातल्या बायका टीव्ही बंद करून, भाकरी लवकर थापून, पोरांना जेवू घालून आलेल्या असतात. जी आली तिलाच ‘तुम्ही मालिका बघता’ म्हणून पाऊण तास झोडपायचं, सासू-सुनेवर हशे पिकवायचे, आणि जी आली नाही ती घरी निवांत. यात धर्म कुठला? उद्याच्या भागात काय होणार म्हणून जीव ज्या ओढीने थांबतो, ती ओढ तुकोबांनी ‘लागलीसे आस’ म्हणून ओळखली होती. त्या ओढीचं तोंड पंढरीकडे वळवा. ओढ लागते म्हणून बाईला कमी लेखू नका.

सिनेमाच्या पडद्याचा दृष्टांत वेदान्तात जुना झाला आहे. चित्रात आग लागली तरी पडदा जळत नाही, पूर आला तरी भिजत नाही, तसा आत्मा. दृष्टांत पक्का आहे, पण तो प्रत्येक अभंगाला लावू नये. तुकोबा ‘धावूनि श्रीमुख दावी देवा’ असं सगुणाला हाक मारत असताना तुम्ही सगळी रूपं पडद्यावरची चित्रं ठरवलीत, तर श्रीमुखही चित्रच ठरेल आणि अभंग हातातून जाईल. अभंग अद्वैताचा आहे की सगुणाचा, विनवणीचा की उपदेशाचा, हे आधी ठरवा. दृष्टांत त्याच जातीचा घ्या.

मोबाईल, चार्जर, नेटवर्क, सिमकार्ड यांचे दृष्टांत मात्र आता झिजून गुळगुळीत झाले आहेत. ‘देवाचं नेटवर्क कधी जात नाही’ हे वाक्य लोक कीर्तनकाराच्या आधी म्हणतात. काही वर्षं ते विसावू द्या.

रोजच्या कामातला दृष्टांत करमणुकीतल्यापेक्षा जास्त टिकतो. सिनेमा वर्षभरात मागे पडतो, हातातलं अवजार पिढीभर राहतं. अरणच्या सावता महाराजांनी ‘कांदा मुळा भाजी । अवघी विठाई माझी’ म्हणताना मळ्यातलंच उचललं, आणि पुढे ‘मोट नाडा विहीर दोरी । अवघी व्यापिली पंढरी’. आता मोट तिशीच्या आतल्या शेतकऱ्याने बघितलेली नसते. कीर्तनकार मोट समजावण्यात दहा मिनिटं घालवतो: कातड्याची मोट, नाडा, सोंदूर, धाव, बैल. ही माहिती चांगली आहे, पण सावता महाराजांना माहिती द्यायची नव्हती. हातातल्या वस्तूत विठाई दाखवायची होती. आजच्या हातात ठिबक आहे. ते घ्या.

विहीर भरलेली, मोटार चालू, मुख्य नळीत दाब बरोबर. तरी ओळीतलं एकच झाड सुकतं. शेतकरी खाली बसून पाहतो, तर १६ मिलिमीटरच्या लॅटरलवरचा, म्हणजे ओळीतल्या बारीक नळीवरचा, ताशी ४ लिटरचा ड्रिपर ठिपकत नसतो. तोंडाशी पांढरा क्षार बसलेला. हा क्षार कुणी बाहेरून आणून टाकलेला नसतो. ज्या पाण्यावर झाड जगतं, त्याच पाण्यातून तो थेंबाथेंबाने बसलेला असतो. तैसे: रोजची पूजा, रोजचा हरिपाठ, वर्षानुवर्षांची वारी, यांतूनच ‘मी एवढी वर्षं वारी करतो’ हा थर बसत जातो. ‘लहानपण देगा देवा’ या अभंगाला हा दृष्टांत नेमका बसतो, कारण अहंकार वाईट संगतीतूनच येतो असं नाही, चांगल्या नेमातूनही साचतो, हे तो सांगतो. उपायही तिथेच आहे. लॅटरलच्या टोकाची टोपी उघडून पाणी जोरात वाहू द्यायचं, फिल्टर धुवायचा. तरी क्षार हटला नाही तर आम्ल सोडायचं. तैसे, टोक उघडून वाहून जाऊ देणं म्हणजे संतांच्या पायांशी नमणं. इथे थांबा. मोटार म्हणजे काय, वीज म्हणजे काय, भारनियमन म्हणजे काय, असं पुढे ओढलंत की पुन्हा तोच सर्वदेशीचा खड्डा.

तयारीसाठी आम्ही वापरतो ती पद्धत सांगतो. वहीच्या एका पानावर चार रकाने आखायचे. पहिल्यात अभंगाचा चरण. दुसऱ्यात त्या चरणाचा सिद्धांत एकाच वाक्यात. एक वाक्य जमत नसेल तर चरण अजून कळलेला नाही, पुन्हा बसायचं. तिसऱ्यात दृष्टांत. चौथ्यात ‘कुठे मोडतो’. हा चौथा रकाना लोक गाळतात आणि तोच सर्वांत कामाचा. अंपायर म्हणजे देव, असं लिहिलं की चौथ्यात ‘अंपायर चुकतो’ हे लिहावं लागतं आणि दृष्टांत घरीच गळतो, मंडपात गळायची वेळ येत नाही. कीर्तनाआधी निदान तीन दिवस हे पान तयार हवं. मग दृष्टांत दोघांना सांगून बघायचा, सत्तरीच्या एका आजींना आणि दहा वर्षांच्या एका मुलाला. सिनेमा किंवा खेळ काय आहे हे समजवायला तीनपेक्षा जास्त वाक्यं लागली, तर तो दृष्टांत त्या गावात चालणार नाही.

वेळेचा हिशोब असा. दोन तासांच्या कीर्तनात ‘रामकृष्णहरी’चं भजन, मंगलाचरण आणि मूळ अभंग गाण्यात वीसेक मिनिटं जातात. प्रमाण म्हणून मधे घेतलेली संतवचनं, चाली, ध्रुवपदावरचा (अभंगाच्या पुन्हा पुन्हा गायच्या ओळीवरचा) गजर आणि शेवटचं भजन धरून आणखी वीस. निरूपणाला ऐंशी मिनिटं उरतात. त्यांत सगळे दृष्टांत मिळून बारा मिनिटांच्या आत बसावेत: एक मोठा चार-पाच मिनिटांचा, बाकीचे तुकोबांच्या एका ओळीच्या मापाने छोटे. मोठा दृष्टांत ध्रुवपदाच्या निरूपणात ठेवा, कारण टाळकरी पुन्हा पुन्हा ध्रुवपदच उचलणार आहेत. त्यांनी उचललं की ऐकणाऱ्याच्या मनात दृष्टांत त्या ओळीला आपोआप बांधला जातो. शेवटच्या ‘तुका म्हणे’वर मात्र नवा दृष्टांत नको. तिथे तुकोबा स्वतः बोलतात.

आता चालींविषयी, कारण सिनेमा कीर्तनात सर्वांत जास्त शिरतो तो चालीतून. मोठ्या अभंगाची मोजणी सहा-सहा-सहा-चार अक्षरांची: ‘सुंदर ते ध्यान । उभे विटेवरी । कर कटावरी । ठेवोनियां’. शेवटची चार अक्षरं म्हणजे उतार. तिथे आवाज समेवर येतो आणि टाळकऱ्यांना उचलायला जागा मिळते. सिनेमाच्या बहुतेक चालींत चारही ओळी सारख्या लांबीच्या असतात. तिथे अभंग बसवायचा तर चौथ्या तुकड्यात ‘हो देवा’, ‘रे माझ्या’ अशी भर घालावी लागते किंवा ‘ठेवोनियां’ चार मात्रा ओढावं लागतं. उतार नाहीसा होतो, टाळकरी कुठे उचलायचं म्हणून एकमेकांकडे बघतात, पखवाजवाला ठेका बदलत राहतो. छोट्या अभंगाच्या आठ-आठ अक्षरांना अशी चाल त्यामानाने सोपी जाते, म्हणून तिथे मोह जास्त होतो. त्यावर साधी परीक्षा आहे. शब्द न घेता चाल नुसती पेटीवर वाजवा. समोरच्या पोरांनी सिनेमाचं गाणं ओळखलं आणि गुणगुणलं, तर ती चाल सोडा. कारण तुम्ही ‘विठ्ठल’ म्हणत असताना त्यांच्या डोक्यात मूळ शब्दच चालू राहणार. कुणी म्हणेल की गवळणींच्या कितीतरी चाली लोकगीतांतूनच आल्या. खरं आहे. पण मूळ शब्द पुसले गेले तेव्हा त्या चाली देवाच्या झाल्या.

भारुडातही हेच बिघडतं आहे, आणि समित्यांनी इकडे बघायला हवं. ‘विंचू चावला’ करताना वीस मिनिटं तळमळणं, लोळणं, वेगवेगळ्या वैद्यांच्या नकला, मंडप हसून बेजार. मग वेळ संपली म्हणून आरती. राहिलं काय? ‘ह्या विंचवाला उतारा । तमोगुण मागे सारा । सत्त्वगुण लावा अंगारा’. नाथांनी ज्याच्यासाठी विंचू आणला तो उताराच राहिला. गावाला नुसता डंख मारून सोडून दिलं. भारूडकाराला चाळीस मिनिटं दिली असतील तर पंचविसाव्या मिनिटाला उताऱ्यावर यावं, आणि ‘एका जनार्दनी’ टाळकऱ्यांसह तीनदा घ्यावं. सोंग तिथे उतरतं. तेच भारुडाचं ‘तैसे’.

देवाची वाट दाखवणारी खूण आणि शकुन यांतही गल्लत होते. तिचे परिणाम वाईट असतात. कीर्तनात ऐकलेला किंवा टीव्हीवर अचानक लागलेला प्रसंग हा आपल्यालाच आलेला देवाचा निरोप आहे, असं धरून कुणी जमिनीचा सौदा करतं, कुणी पोरीचं स्थळ मोडतं, कुणी चालू औषध बंद करतं. दृष्टांत समज देतो, हुकूम देत नाही. ‘नवसें कन्यापुत्र होती । तरि कां करणें लागे पती’ असं विचारणाऱ्या तुकोबांच्या गादीवरून असे संकेत वाटू नयेत. एखाद्या प्रसंगातून देव काही सुचवतो आहे असं वाटलंच, तर तीन गोष्टी तपासायला श्रोत्यांना शिकवा. ते संतांच्या वचनाशी जुळतं का? ते आपलं वागणं सुधारायला सांगतं की दुसऱ्याचं? आणि रात्रीचा भर ओसरल्यावर सकाळी तोंड धुताना ते तितकंच खरं वाटतं का? ‘सत्य असत्याशी मन केले ग्वाही’ ही तुकोबांची रीत आहे. औषधाविषयी तर गादीवरून स्पष्ट सांगा: गोळी डॉक्टरांना विचारल्याशिवाय बंद करायची नाही. नाम आणि गोळी दोन्ही चालू ठेवायची.

समित्यांना आमची मागणी एवढीच. कीर्तनकारांना आमंत्रण देताना अभंग कोणता घेणार हे आठ दिवस आधी विचारा आणि पत्रिकेत नावासमोर त्या अभंगाचा पहिला चरण छापा. सात रात्रींत तोच अभंग दोनदा येणार नाही, आणि दुपारच्या गाथा भजनाला बसणारी माणसं तो आधी वाचून येतील. ज्याने अभंग आधी कळवला त्याची तयारी झालेली असते, हा आमचा अनुभव सहसा चुकत नाही. निवड करताना क्लिप बघायचीच असेल तर एक मिनिटाची बघू नका. पूर्ण कीर्तन मागवा आणि मधली वीस मिनिटं ऐका. चरण कितीदा ऐकू आला, एवढंच मोजा.

क्लिप काढणाऱ्या गावातल्या पोरांशीही बोला. ती हौसेने करतात, त्यांच्यामुळे परगावच्या माणसापर्यंत कीर्तन पोचतं. पण त्यांची कात्री नेमकी ‘तैसे’च्या आधी चालते, कारण हशा तिथे संपतो. तुकडा चरणापासून सुरू करायचा आणि पुन्हा चरण आला की तोडायचा, एवढा नियम द्या. कीर्तनकारांनीही सोय करावी. दृष्टांताच्या पहिल्या वाक्यात चरण गुंफायचा आणि शेवटच्या वाक्यात तोच परत आणायचा, म्हणजे कुठूनही कापलं तरी चरण सुटणार नाही.

भारताचा मोठा सामना सप्ताहाच्या रात्री आला, तर ध्वनिक्षेपकावरून धावा सांगू नका आणि सामना बघायला थांबलेल्यांना टोमणेही मारू नका. हरिपाठ अर्धा तास आधी घ्या, कीर्तन वेळेवर उभं करा, वेळेवर संपवा. उरलेली षटकं पोरं घरी जाऊन बघतील.

पत्रिकेचा मजकूर छापखान्यात देण्याआधी हे पत्र बैठकीत एकदा वाचून दाखवावं आणि सातही महाराजांना आमंत्रणासोबत त्याची प्रत द्यावी, ही विनंती.

रामकृष्णहरी.

आपले,
कीर्तन, भारूड आणि टाळ-पखवाजाची सेवा करणारे काही वारकरी